अंधारासाठी अर्ज

एका जिवाला घंटागाडीत टाकताना मी रंगेहाथ पकडला गेलो, तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते आणि माझ्या अंगात फक्त स्वेटर आणि लुंगी होती. माणसाने पकडलं जावं, पण निदान पँटमध्ये.

तो जीव म्हणजे कुंडीतलं एक झाड. आमच्या शेजारी सत्यशीला सिस्टर राहतात. सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होत्या, निवृत्त होऊनही दहा वर्षं झाली, पण सावेडीतल्या आमच्या नवजीवन कॉलनीत त्यांना सिस्टरशिवाय दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. दर नाताळला त्यांच्याकडून करंज्या, चकल्या आणि केक असं ताट येतं. त्या वर्षी ताटासोबत सोनेरी कागदात गुंडाळलेली कुंडीही आली. झाडाची वरची पानं लाल, इतकी लाल की घरी येणारा प्रत्येक पाहुणा प्लॅस्टिकची समजून नखाने खरवडून बघे. झाडाचं नाव पॉइनसेटिया. हा शब्द मला एका दमात कधीच म्हणता आला नाही, आणि पुढे वर्षभर तो दिवसातून दहादा म्हणायची वेळ आली.

नाताळ संपला आणि झाडाने पानं टाकायला सुरुवात केली. घरात कोणी जोरात शिंकलं तरी दोन पानं पडत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चार काटक्या उरल्या. माझी बायको माधुरी म्हणत होती, "अहो, थोडं थांबा." पण मी हायस्कुलात सव्वीस वर्षं भूगोल शिकवतोय. हंगामी वनस्पतीचा हंगाम संपला, हे मला कळणार नाही तर कोणाला? कुंडी उचलली आणि गाडीपाशी गेलो. तिथे सिस्टर ओल्या-सुक्याचे दोन डबे घेऊन उभ्या होत्या.

त्या पुढे आल्या, नखाने एका काटकीची साल किंचित खरवडली. आतून हिरवं दिसलं.

"सर, पेशंट गेलेला नाही."

"छे छे, मी टाकत नव्हतो! मी आपलं गाडीवाल्यांना दाखवत होतो."

"दाखवत कुठं," गाडीवाला म्हणाला, "ओल्यात टाकू का सुक्यात, इचारत हुते."

आता अशा वेळी शहाणा माणूस सॉरी म्हणून घरात जातो. मी मात्र छाती काढली आणि म्हणालो, "सिस्टर, येत्या नाताळला हेच झाड लालभडक करून तुमच्या चर्चमध्ये वेदीपाशी आणून ठेवतो की नाही बघा!"

त्या हसतील आणि विषय संपेल, असा माझा अंदाज होता. सिस्टर हसल्या नाहीत. त्या कुठल्याच माणसाचं बोलणं थट्टेवारी नेत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे आणि त्या क्षणी तो मला अतिशय जाचक वाटला. "चर्चची सजावट एकतीस वर्षं माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "यंदाचं शेवटचं वर्ष. मग तरुण मुलींच्या हाती देणार. वेदीच्या डाव्या बाजूची जागा तुमच्यासाठी ठेवते, सर." आणि खरंच ठेवली. पुढच्या रविवारी चर्चमधल्या सगळ्या बायकांना सांगूनही टाकलं.

*

आमच्या समोर सहादू नाना राहतात. पारनेर तालुक्यात चाळीस वर्षं शेती केली, आता मुलाकडे आलेत. शेती सुटली, पण जिरायती माणसाची नजर सुटत नाही. कोणाच्याही अंगणातल्या तुळशीकडे ते पीकपाहणीला आल्यासारखे बघतात. माझी कुंडी त्यांनी हातात घेऊन फिरवून पाहिली.

"गुरुजी, ही कुंडी हाय का आमटीची वाटी? मूळ जायाचं कुठं?"

"मग मोठी कुंडी आणतो."

"कुंडी न्हाई. डरम."

त्यांच्या मुलाच्या वर्कशॉपमधून निळा प्लॅस्टिकचा ड्रम आला, तो मधोमध कापला. त्यात माती, शेणखत, विटांचे तुकडे आणि पेंड भरली. जागाही नानांनीच ठरवली. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशी कंपाउंडची एकच कोपऱ्यातली जागा होती. ड्रम तिथे बसवला आणि माझ्या लक्षात आलं की आता तो भरल्या मातीनिशी मला आणि माधुरीला मिळून एक इंचही हलणार नाही. "हलवायचा कशाला?" नाना म्हणाले. "आंबा काय आपुन रोज घरात घेतो?"

मार्चमध्ये झाड वीतभर ठेवून छाटायचं असतं, असं कळलं. कात्री हातात घेऊन मी अर्धा तास त्याच्यापुढे उभा होतो. माझं मन धजेना. माधुरी पदर खोचून आली, दोन मिनिटांत सपासप छाटून गेली. मी मदत म्हणून काटक्या गोळा केल्या. त्यातून पांढरा चीक येतो आणि तो काहींच्या कातडीला सोसत नाही, हेही कळलं. आठ दिवस मी उजव्या हातात मोजा घालून फळ्यावर गोदावरीचं खोरं काढत होतो. ते त्या वर्षी जरा लातूरकडे सरकलं.

मे महिन्यात नगरचं ऊन असं होतं की कुंपणावर टाकलेला टॉवेल पापडासारखा मोडावा. नळाला पाणी एक दिवसाआड. तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं, जे मिळेल ते पाणी माधुरी ड्रमात ओतत होती. नाना दर रविवारी शेणकाला आणत. त्यात गूळ घालत. उरलेला गूळ खात. आणि झाड वाढलं हो! जुलैत माझ्या कमरेला लागलं, तेव्हा माधुरीने शेंडे खुडले. ऑगस्टअखेर छातीला आलं. घेर असा की माधुरीला पलीकडचं फाटक दिसेना. मी रोज त्याचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू लागलो. चार दिवसांनी कोणीच अंगठा दाखवेना, पण मी खचलो नाही.

सप्टेंबरात सिस्टरांनी विचारलं, "सर, लाल कधी होणार?"

"थंडी पडली की," मी ठासून सांगितलं.

त्याच दिवशी मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ पाहिला. तो शांतपणे सांगत होता की थंडीचा फारसा संबंध नाही. या झाडाला रात्र लांबली हे कळावं लागतं. ऑक्टोबरपासून दोन महिने रोज चौदा तास सलग काळोख द्या. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडसुद्धा चालत नाही.

मी मान वर केली. झाडाच्या बरोबर डोक्यावर रस्त्याचा दिवा होता.

अपमान वाटला तो दिव्यामुळे नाही. दिनमान, रात्रमान, एकवीस जून, बावीस डिसेंबर हे सगळं मी सव्वीस वर्षं शिकवलं, आकृत्या काढल्या, गुण कापले. आणि रात्र लांबली की काय होतं, हे माझ्या अंगणातल्या झुडपाला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

*

रस्त्यावरच्या दिव्यांचा कारभार ज्या कार्यालयात चालतो, तिथे मी अर्ज घेऊन गेलो. कार्यालयाचं नाव सांगत नाही, मला अजून याच गावात राहायचं आहे. पहिला अर्ज परत आला, कारण सवयीने मी 'अहमदनगर' लिहिलं होतं. खोडून 'अहिल्यानगर' केलं. खाडाखोड चालत नाही म्हणून पुन्हा लिहिला. मग खिडकीपलीकडच्या पंकजा मॅडमनी तो वाचला. चाळिशीच्या, चष्म्याची दोरी गळ्यात, चेहऱ्यावर कमालीची सहनशक्ती.

"सर, इथे 'दिवा लागत नाही' असं हवं ना?"

"नाही. दिवा लागतो, हीच तक्रार आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "रोज लागतो?"

"रोज. वेळेवर."

"मग तुम्हाला काय हवंय?"

"अंधार. दोन महिने. संध्याकाळी पाच ते सकाळी सात."

मागच्या रांगेतला एक गृहस्थ दोन पावलं मागे सरकला. पॉइनसेटियाचा सगळा इतिहास मी त्यांना सांगितला. मॅडमनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, हे त्यांचं मोठेपण. मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. तक्रारींचे प्रकार तीन होते. दिवा बंद आहे. दिवा अधूनमधून लागतो. उजेड अपुरा आहे. "यातलं एक निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही," त्या म्हणाल्या. "मी 'अधूनमधून' टाकते आणि शेऱ्यात तुमचं सगळं लिहिते."

शेरा कोणी वाचला नसावा. पाचव्या दिवशी शिडीची गाडी आली. मी शाळेत होतो. संध्याकाळी कॉलनीच्या वळणावर आलो तर मला वाटलं कोणाकडे लग्न आहे. जुना पिवळा दिवा काढून तिथे पांढराशुभ्र नवा दिवा बसवला होता. त्या उजेडात मला माझ्या बुटाच्या नाडीचे धागे दिसत होते. पॉइनसेटिया तर असा झळाळत होता, जणू त्याचा आता फोटो निघणार आहे.

दुसऱ्या दिवशी कोजागरी होती. कॉलनीने मधल्या मोकळ्या जागेत मसाला दुधाचा कार्यक्रम ठेवला आणि त्यात माझा सत्कार केला. गेली सहा वर्षं जो दिवा कोणाला बदलून घेता आला नाही, तो वाळेकर सरांनी एका अर्जात बदलून घेतला! शाल दिली, नारळ दिला. मला बोलायला लावलं. समोर सगळे कौतुकाने बघत होते, आणि वर चंद्र होता म्हणे, पण माझ्या दिव्यामुळे तो कोणालाच दिसत नव्हता. खरं सांगायला तोंड उघडलं आणि "आपणा सर्वांचं सहकार्य" एवढंच बाहेर पडलं.

"अंधाराचं सांगायचं होतं ना?" घरी आल्यावर माधुरी म्हणाली.

"शाल घातलेली असताना?"

*

उरला एकच उपाय, झाकणं. पहिल्यांदा नानांनी एका फ्रिजचं मोठं खोकं आणून झाडावर पालथं घातलं. त्यावर 'हा भाग वर ठेवावा' असं लिहिलेलं होतं आणि तो भाग खाली गेला होता. तिसऱ्या दिवशी परतीचा पाऊस आला आणि खोक्याची खिचडी झाली. मग माधुरीने मशीनवर बसून पडद्यांच्या काळ्या अस्तराची आणि जुन्या छत्र्यांच्या कापडाची दुहेरी खोळ शिवली. आत बांबूचा सांगाडा. अशी नेटकी बेतली होती की एकाही पानाला मुरड पडू नये. मी सव्वापाचला शाळेतून येईपर्यंत ती खोळ घालून मोकळी झालेली असे. सकाळी सातला मी काढत असे आणि दिवसभर सगळं मीच केल्यासारखा वावरत असे.

पाच फुटांची काळी आकृती संध्याकाळी कोपऱ्यात उभी राहू लागल्यावर लोकांची चर्चा सुरू झाली. दूधवाला फाटकाबाहेरूनच पिशवी फेकू लागला. एक दिवस खोळीपुढे कोणीतरी हळदकुंकू वाहून गेलं. मागच्या गल्लीतल्या एक बाई मला थांबवून हळूच म्हणाल्या, "कोणाचं ठाणं आहे हो?"

"पॉइनसेटिया," मी म्हणालो.

त्यांनी हात जोडले. "गावाकडचं दैवत का?"

नोव्हेंबरच्या मध्यावर एकही पान लाल नव्हतं आणि मला निवडणुकीच्या प्रशिक्षणाचा आदेश आला. तीन दिवस, शिर्डीला, मुक्कामी. नेमक्या त्याच तीन दिवसांत माधुरीला भाच्याच्या लग्नासाठी राहुरीला जायचं होतं, आणि ते लग्न माझ्या झाडाने ठरवलेलं नव्हतं. एवढे दिवस पाळलेला अंधार तीन रात्रींत फुकट जाणार. नानांवर हे काम टाकावं तर दिव्याची खरी कथा मी त्यांच्यापासूनही लपवलेली, मागायला तोंड नव्हतं. तेही शाल द्यायला पुढे होते.

शेवटी मी सिस्टरांकडे गेलो. चारच दिवसांपूर्वी त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. व्हिडिओ, अर्ज, दिवा, सत्कार, आणि घंटागाडीपाशी मी तेव्हा खोटं बोललो होतो, तेही.

"ते मला त्या वेळीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "दोन ड्यूट्या लागतील. पाचला खोळ घालणे, सातला काढणे. माझ्या डोळ्यांना अजून लिहायला बंदी आहे. घ्या पेन, मी सांगते तसं लिहा."

खरं तर त्यांना वाकायची, धुळीत जायची मनाई होती. त्या कशालाच शिवल्या नाहीत. खुर्चीतून फक्त फोन केले. आमच्या कॉलनीत असा माणूस शोधून सापडणार नाही, ज्याला सिस्टरांनी कधी ना कधी पालथं झोपवून सुई टोचलेली नाही. कोणाच्या आईचं शेवटचं दुखणं त्यांनी काढलं, कोणाचं बाळ त्यांच्या हातावर पहिल्यांदा रडलं. कधी चहासुद्धा नीट घेतला नाही. आता त्या पहिल्यांदा काही मागत होत्या, तेही झाडासाठी. नाही कोण म्हणणार? पुठ्ठ्यावर तक्ता तयार झाला, ड्रमला दोरीने अडकवला. नाव, वेळ, सही. पाच वाजून तीन मिनिटांनी आलेल्या एका बँक मॅनेजरांना त्यांनी खिडकीतून "उशीर" असा शेरा लिहायला लावला, आणि त्यांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला.

दिव्याची खरी गोष्टही त्यांनीच सर्वांना सांगितली. मी शिर्डीत प्रशिक्षणाला बसलो होतो आणि आता शाल परत मागतात की काय, या विचाराने मला मतदान यंत्राची बटणं दिसत नव्हती. रात्री आठला नानांचा फोन आला.

"गुरुजी, मला आधी का न्हाई सांगितलं? मी काय परका हाय?"

"लाज वाटली, नाना."

"लाज ऱ्हाऊ द्या तिकडं. खोळ पाचला घातली मी. झाड बेस हाय."

दुसऱ्या दिवशी मी चार वेळा फोन केला. पाचव्या वेळी सिस्टरांनी उचलला. "सर, नातेवाइकांनी भेटीच्या वेळेतच चौकशी करावी," असं म्हणून ठेवून दिला.

मी परतल्यावरही तक्ता बंद झाला नाही, ड्यूट्या पार डिसेंबरापर्यंत चालल्या; पण मी परतलो तेव्हा आणखी एक घडून गेलं होतं. पंकजा मॅडम आमच्या तक्रारीचं समाधान झालं की नाही, याची खात्री करायला स्वतः आल्या होत्या. पाच वाजता. काळा चष्मा लावून दारात उभ्या सिस्टर 'हळू, फांदी सांभाळा' सांगतायत आणि सहादू नाना खोळ घालतायत, हे त्यांनी पाहिलं. तक्ता वाचला. मग गेल्या. तिसऱ्या दिवशी शिडीची गाडी आली आणि दिव्याला आमच्या बाजूने पत्र्याची छोटी झाप बसवून गेली. रस्त्यावर उजेड तेवढाच, आमच्या कोपऱ्यात अंधार. मी आभार मानायला गेलो.

"दिवा विझवायचा आदेश मला काढता येत नाही, सर," त्या म्हणाल्या. "झाप बसवायला आदेश लागत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं."

एवढ्या मोठ्या कार्यालयात बसून असं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

*

सव्वीस नोव्हेंबरला सकाळी माधुरीने मला हाक मारली. आवाजच वेगळा होता. मधल्या शेंड्याच्या एका पानाच्या देठापाशी नखाएवढा लाल डाग होता. आम्ही दोघं तिथे किती वेळ उभे होतो कोण जाणे. शाळेला मला त्या दिवशी उशीर झाला आणि मी हजेरीपुस्तकात स्वतःहून तसं लिहिलं. डिसेंबरात रोज एकेक शेंडा पेटत गेला. वीस तारखेला झाडावर हिरवं शोधावं लागत होतं.

चोवीसला दुपारी टेम्पो आणला. ड्रमला आठ माणसं लागली, शिवाय बैल हाकल्यासारखे ओरडणारे नाना. फाटकातून ड्रम जाईना, तेव्हा फाटक बिजागरीतून काढलं. टेम्पोत चढवताना मीच घाई केली आणि उजवीकडची एक सुंदर फांदी कडकन मोडली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला रडू यायचं बाकी होतं. सिस्टर पुढे आल्या, फांदी हातात घेतली, मेणबत्तीच्या ज्योतीवर तिचं टोक क्षणभर धरून चीक थांबवला आणि ओल्या फडक्यात गुंडाळली. "हिला फुलदाणीत जागा आहे," त्या म्हणाल्या. वेदीच्या डाव्या बाजूला झाड काही मावेना, म्हणून गव्हाणीच्या देखाव्यातली दोन मेंढरं खिडकीत नेऊन बसवली.

नाताळच्या सकाळी आम्ही सगळे गेलो. नाना फेटा बांधून, पंकजा मॅडमही आल्या होत्या. उपासनेनंतर सिस्टर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की हे झाड ज्यांनी जगवलं, त्यांचे आभार मानायचे आहेत. मी शर्टाची कॉलर सारखी केली आणि अर्धवट उठलो. सिस्टरांनी पुठ्ठ्याचा तक्ता काढला. माधुरी वाळेकर, छाटणी, पाणी, खोळ. सहादू झावरे, माती, खत, संध्याकाळच्या अकरा ड्यूट्या. पंकजा मॅडम, दिवा. बँक मॅनेजर, सहा ड्यूट्या, एक उशीर. अशी एकवीस नावं. सगळ्यात शेवटी माझं. "वाळेकर सर," त्या म्हणाल्या, "तीन दिवस गैरहजर." चर्च हसण्याने भरून गेलं. आणि आश्चर्य म्हणजे मलाही हसू आलं. तक्ता अगदी बरोबर होता. टाळ्या मीच सुरू केल्या.

लोक बाहेर चहाकडे गेले. माधुरीला शोधत मी परत आत आलो, तर सिस्टर झाडापाशी एकट्याच उभ्या होत्या. काळा चष्मा आता नव्हता. मी जवळ गेलो तरी त्यांनी मान वळवली नाही.

"सर, मोतीबिंदूमुळे गेली कित्येक वर्षं सगळं चहात बुडवल्यासारखं दिसायचं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, वयामुळे जगच तसं झालंय. एकतीस वर्षं इथं सजावट केली. शेवटची सात-आठ नुसती अंदाजाने." त्यांनी एका पानाखाली तळवा धरला, ताप बघावा तसा. "लाल म्हणजे एवढं लाल असतं होय!"

बाहेरून नाना ओरडत होते की टेम्पो आलाय, ड्रम न्यायला माणसं जमलीत, ड्रायव्हर हॉर्न देतोय.

मी दारापाशी गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "नाना, त्याला जरा थांबायला सांगा. सिस्टर बघतायत."